समासातली पेन्सिल

ठकीचा प्रवेश थोडक्यात हुकला आणि त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला शिक्षणशास्त्र कळू लागलं. परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती. गुण वाढले तर कॉलेज, नाही तर आईसारखं दवाखान्यात टेलिफोनवर बसायचं, हे कोणी तोंडानं म्हटलं नव्हतं, पण ठरल्यातच जमा होतं. तेव्हा या खेपेला अभ्यासाचं साहित्य पारखून घ्यायचं, म्हणून रविवारी सकाळी सगळे तिच्या बाबांच्या, म्हणजे अण्णाच्या, बाइंडिंगच्या दुकानात जमले. खरं तर वरच्या घरात बसायला जागा होती. पण वाटणी झाल्यापासून काका वर पाऊल टाकत नसे. दुकानात यायला मात्र त्याची ना नसे, कारण दुकान वडिलांच्या, आप्पांच्या, वेळचं होतं आणि त्यावरचा हक्क त्यानं मनातून अजून सोडलेला नव्हता.

काका चष्मे विकायचा. तो एक भलं मोठं खोकं घेऊन आला होता. नामांकित क्लासचा संच, प्लास्टिकमध्ये सीलबंद. आत प्रकरणांच्या पुस्तिका, वेळ लावून सोडवायच्या प्रश्नपत्रिका आणि भिंतीवर लावायचं वेळापत्रक. संच महाग होता, हे त्यानं स्वतःहून सांगितलं नाही, पण खोक्यावरची किंमत वरच्या बाजूला येईल असं ते टेबलावर ठेवलं. आत्या कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत तिच्या बाळ्याची जुनी पुस्तकं होती. बाळ्या याच परीक्षेत चमकला होता, शिकला होता, आता दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता आणि सवड झाली की आईला फोन करत होता. सवड त्याला कमी होती.

"ताई, एवढ्या वर्षांत माणसाच्या डोळ्यांचा नंबर बदलतो," काका म्हणाला, "मग परीक्षा तशीच राहील का?"

आत्या म्हणाली की तिला नंबरातलं कळत नाही, पण तिचा मुलगा याच पुस्तकांवर पुढे गेला. त्यावर आईनं काकाची बाजू घेतली. वाटणीपासून ती दिराशी कामापुरतंच बोलायची, त्यामुळे खुद्द काकाही चमकला. आईचं म्हणणं सरळ होतं. अभ्यासक्रम बदललाय, मागच्या वेळीही अशाच कुणाच्या जुन्या पुस्तकांवर भरवसा ठेवला तो नडला, आता नवं ते नवं. आत्याला ते झोंबलं. दुकानाच्या भांडणात तीच एकटी या घराच्या बाजूनं उभी राहिली होती, आणि आज तिच्या पिशवीला कोणी हात लावत नव्हतं.

अण्णानं दोन्हींना हात लावला, पण तो आपल्या पद्धतीनं. संचातल्या एका पुस्तिकेचा कणा त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिला, मग बाळ्याचं एक पुस्तक उघडून पानं किती सुटलीत ते पाहिलं.

"दोन्हींचं बाइंडिंग टाकाऊ आहे," तो म्हणाला.

त्याला विचारलं होतं एक आणि त्यानं सांगितलं दुसरंच. पण बीजगणित आणि भौतिकशास्त्राबद्दल बाइंडरनं आणखी काय सांगायचं? धंद्याचा नियमच होता की बांधायला आलेलं वाचायचं नाही. वाचायला बसलं की काम बसलं. अण्णानं आयुष्यभर हजारो पुस्तकं शिवली आणि एकाचाही शेवट त्याला ठाऊक नव्हता.

ठकी कटिंग मशीनच्या बाजूला स्टुलावर बसली होती. जिचं लग्न ठरतंय तिला सोडून बाकीच्यांनी शालूचा रंग पसंत करावा, तसं चाललं होतं. वेळ घालवायला तिनं पिशवीतलं वरचं पुस्तक उघडलं. एका गणिताच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: हे मला तीनदा चुकलं. चौथ्यांदा आलं. घाबरू नकोस.

तिनं ते पुन्हा वाचलं. पुढच्या पानावर लिहिलं होतं: इथे सगळे घाई करतात. तू करू नकोस. त्याच्या पुढच्या पानावर नुसतं: भूक लागली.

ठकीला हसू आलं. निकाल लागल्यापासून ती हसली नव्हती. बाळ्यादादा तिला नीट आठवतही नव्हता. तो गेला तेव्हा ती लहान होती. त्याची आठवण म्हणजे फक्त एक बंद दार आणि "आत अभ्यास चाललाय, ओरडू नका" एवढा एक आवाज.

"मला ही हवीत," ती म्हणाली.

काकानं खोकं उचललं नाही, तसंच टेबलाखाली सरकवलं आणि म्हणाला की असू दे, लागेल तेव्हा उघडा. निघताना त्यानं वहिनीला "येतो" म्हटलं आणि ताईला म्हटलं नाही. घरातली तागडी अशी झुकायला तेवढंही पुरे होतं. आत्या रिकामी पिशवी घडी करत राहिली. तिचा शब्द राहिला होता, तिला आनंद व्हायला हवा होता. पण बाळ्याच्या खोलीतलं पुस्तकांचं फडताळ आता मोकळं असेल, हे तिला तेव्हाच जाणवलं.

*

या घरात अभ्यास करणाऱ्याशी बोलायचं नाही, हा आजोबांच्या वेळचा नियम. आजोबा स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, त्यामुळे अभ्यास म्हणजे नेमकं काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते काहीतरी नाजूक असतं आणि आवाजानं मोडतं, अशी त्यांची खात्री होती. मुलं शिकायला बसली की ते शिलाईची खटखट बंद करत. तो नियम वारशानं सगळीकडे गेला. वाटणीत दुकान, जागा, भांडी एकेकाच्या वाट्याला गेली, पण हा नियम तिघा भावंडांनी आपापल्या घरी अख्खा नेला.

तेव्हा ठकी वरच्या खोलीत बसू लागली आणि खाली घर मुकं झालं. अण्णा कटिंग मशीन दुपारी ती बाहेर गेली तरच चालवायचा. आई दिवसभर दवाखान्यात फोनवर बोलून बोलून घसा कोरडा करायची आणि घरी आली की कुजबुजायची. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं, हलकेच एक टकटक करायची आणि निघून यायचं. कामाची सगळी ओझी ठकीच्या अंगावरून काढली होती. तिला काही आणायला सांगायचं नाही, काही विचारायचं नाही, पाहुणे आले तर खाली बोलवायचं नाही. प्रेमानंच चाललं होतं सगळं. त्या प्रेमात तिला कधीकधी वाटायचं की आपण आजारी आहोत आणि आपल्याला ते सांगितलेलं नाही.

म्हणून ती बाळ्यादादाशी बोलू लागली. त्यानं लिहिलं होतं, "हे सूत्र पाठ करू नकोस, काढून बघ." तिनं खाली लिहिलं, "काढलं. निघालं." त्यानं एका उताऱ्याशेजारी लिहिलं होतं, "या लेखकाला कोणीतरी पाणी द्या." तिनं लिहिलं, "दिलं. अजून बोलतोय." कुठे तो चिडलेला असायचा, कुठे रडकुंडीला आलेला. एका पानाच्या अगदी कोपऱ्यात त्यानं लिहिलं होतं, "आज कोणाशीच बोललो नाही." तिथं ठकी बराच वेळ पेन्सिल धरून बसली. मग तिनं लिहिलं, "मीपण." आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.

सराव परीक्षेतले गुण चढू लागले. सूत्रं बाळ्याच्या पुस्तकात होती तशीच इतर पुस्तकांतही होती, पण अडलं की ती आता उठून खिडकीशी जात नव्हती. समासात कोणीतरी आधी अडून पुढं गेलेलं असायचं.

एकदा ताट ठेवायला आलेल्या आईला आतून हसण्याचा आवाज आला. तिला आधी वाटलं की पोरगी फोनवर आहे. दार ढकलून विचारावं, कशाला हसतेस, मलाही सांग, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. लेक पुढल्या वर्षी या घरात नसेल, चांगले गुण पडले तर नसेलच, आणि त्याचसाठी तर सगळा खटाटोप. तिनं ताट खाली ठेवलं, एक टकटक केली आणि नियमाप्रमाणे खाली निघून आली.

*

ठकी एका मोठ्या सराव परीक्षेसाठी मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर दुसऱ्या गावी गेली. दोन रात्री मुक्काम होता. अण्णाला हवी होती ती संधी मिळाली.

किती दिवस त्याच्या मनात होतं. लेकीला गणितात मदत करता येत नाही, क्लासचे पैसे भावासारखे सहज काढता येत नाहीत, पण ती पाच पुस्तकं उघडली की पानं सुटून मांडीवर पडतात, हे त्यानं पाहिलं होतं. एवढं तर आपण करू शकतो. त्यानं पुस्तकं खाली आणली, जुने कणे सोलून काढले, फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, वेगळे केले. पाच पुस्तकं पाच मापांची होती. त्यांचे दोन सुबक खंड करायचे तर एका मापात आणायला हवी होती आणि एका मापात आणायची तर सगळ्यात लहान पुस्तकाच्या मापानं कापायला हवं. शिकाऊ कारागीरही हेच करेल. कडेला पेन्सिलीनं काहीबाही खरडलेलं त्याला दिसलं. लायब्ररीची पुस्तकं आली की त्याला आधी हेच सांगितलं जायचं, मळकट कडा काढा, खरडलेलं काढा. त्यानं वाचलं नाही. अण्णानं वाचायचं नसतंच.

त्यानं जुजबंदी, म्हणजे त्या गठ्ठ्यांची शिवण, हातानं केली, मशीनवर नाही. ठेवणीतलं निळं कापड काढलं. कणा गोलाई दिलेला, पाठीवर फीत, आत खुणेसाठी दोरी. शेवटचा खंड दाबाखालून काढला तेव्हा त्यानं त्याचा वास घेतला. एवढं चांगलं काम त्याच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मग त्याला हुक्की आली आणि त्यानं बहिणीला आणि भावालाही रविवारी बोलावलं. काकाला म्हणाला, नुसतं बघायला ये.

काका आला. आत्या आली. आई चहा घेऊन खाली आली. टेबलावर दोन निळे खंड होते आणि काकानं ते चष्मा वर करून, खाली करून पाहिले. त्याचं खोकं टेबलाखाली तसंच सीलबंद होतं, ते त्यानं पायानं चाचपलं. पण तरी म्हणाला, "अण्णा, हात अजून आप्पांचा आहे तुझा." दोघा भावांमध्ये वाटणीनंतर हे पहिलं गोड वाक्य. आईनं त्याला न विचारता आणखी चहा दिला. असं वाटलं की आता हा काका वरसुद्धा येईल.

ठकी परतली ती अशा आनंदी घरात. परीक्षा बरी गेली होती, पण शेवटचं गणित अडलं होतं आणि त्याच्या जोडीचं गणित बाळ्यादादाच्या तिसऱ्या पुस्तकात आहे, हे तिला वाटेतच आठवलं होतं. तिथं त्यानं काय लिहिलंय ते बघायचं होतं.

तिनं निळा खंड उघडला. पान गुळगुळीत कापलेलं. मजकूर संपला की लगेच कड. तिनं दुसरं पान उघडलं, मग शेवटचं, मग मधलं. कुठेकुठे एखाद्या अक्षराची शेपटी राहिली होती. बाकी काही नव्हतं.

"आवडलं?" अण्णानं विचारलं.

"छान झालंय, बाबा," ठकी म्हणाली.

ती खोटं बोलत होती आणि तिला ते चांगलं जमलं. गोष्ट तिथंच मिटली असती. पण आत्यानं दुसरा खंड हातात घेतला होता. तिला गणितं नको होती. आपल्या मुलाचं अक्षर कुठेतरी असेल म्हणून ती पानं उलटत होती. घरी तिनं ही पुस्तकं कधी उघडली नव्हती, आता परक्या कापडात पाहून तिला उघडावीशी वाटली.

"अण्णा, यात बाळ्याचं अक्षर होतं ना रे? कडेला?"

अण्णानं तिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेक खाली बघत होती. बाइंडरला एवढं पुरलं.

"ते कामाचं होतं का?" त्यानं हळूच विचारलं. "मला वाटलं, खरडलंय."

"काही नाही बाबा. असंच होतं."

काका म्हणाला की मग बिघडलं कुठं, गणितं तर सगळी शाबूत आहेत, आणि समासात लिहिलेलं काय परीक्षेत येतं थोडंच. तो चुकीचं बोलत नव्हता. आई म्हणाली, जाऊ दे, अभ्यासाला उशीर होतोय, तिला वर जाऊ द्या, कोणी बोलू नका आता.

त्या "बोलू नका" वर ठकीचा बांध फुटला. ती ओरडली नाही. ओरडायचीही तिला सवय राहिली नव्हती.

"कोणी बोलतच नाही, आई. निकाल लागल्यापासून या घरात माझ्याशी कोणी बोललेलं नाही. त्या पुस्तकात एक जण बोलत होता. मला एकटं वाटतं गं वर. फार एकटं वाटतं."

अण्णा टेबलावरची नसलेली कातरणं एका बाजूला सारत राहिला. आईचा हात लेकीच्या खांद्यापर्यंत गेला आणि मध्येच थांबला, कारण इतक्या दिवसांत तो तिथं गेला नव्हता.

आत्यानं पदराला हात पुसून फोन काढला. म्हणाली, थांब, त्यालाच विचारू. त्यानंच लिहिलंय, त्याच्या लक्षात असणार, तो पुन्हा सांगेल. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबलं. बराच वेळ रिंग गेली. मग बाळ्याचा आवाज आला, चांगला, सभ्य आणि घाईतला. आत्यानं आधी सगळी हकिकत सांगितली, पुस्तकांची, समासाची, ठकीची.

"मी लिहिलं होतं?" बाळ्या म्हणाला. "असेल. मला खरंच नाही आठवत, आई. ती पुस्तकं अजून ठेवली होतीस तू? आता सगळं मोबाइलवर मिळतं, तिला एखादं चांगलं अ‍ॅप घेऊन द्या ना. मी बाहेर निघालोय, नंतर—"

आत्यानं झटकन बटण दाबून फोन कानाला लावला आणि दाराकडे तोंड केलं. "हो रे," ती म्हणाली. "हो, सांगते. घाबरू नकोस म्हणून सांगते तिला. तीनदा चुकलं तरी चौथ्यांदा येतं, हो. सांगते. तू जेवलास का? बरं. बरं."

ठकी दाराच्याच बाजूला उभी होती. फोनच्या पडद्यावर बाळ्याचा लहानपणीचा फोटो उजळून दिसत होता, नुसता फोटो, चालू फोनची खूण नव्हती. बोलणं केव्हाच तुटलं होतं. "तीनदा चुकलं" हे ठकीनंच पहिल्या रविवारी, आत्या पिशवी घडी करत असताना, हसत हसत तिला सांगितलं होतं.

"बघ, लक्षात आहे त्याच्या," अण्णा म्हणाला. त्याचा जीव थोडा भांड्यात पडला.

"हो," ठकी म्हणाली. "असंच लिहिलं होतं त्यानं."

मग ती वाकली, टेबलाखालून काकाचं खोकं ओढलं आणि नखानं प्लास्टिक फाडलं. वरची प्रश्नपत्रिका काढली, घडी उलगडली. जिंकल्यासारखं काकाला मुळीच वाटलं नाही.

"आत्या, वर येतेस? वेळ लावून सोडवायची आहे. घड्याळाकडे बघायला कोणीतरी हवं."

आईनं बाजूला होऊन जिन्याची वाट दिली.

जिना चढताना आत्याला धाप लागली. तिच्या घरीही असंच एक बंद दार होतं. तीही एक टकटक करून मागे फिरायची. आत पोरगा स्वतःच स्वतःला घाबरू नकोस म्हणून सांगत होता, आणि ती बाहेर श्वास रोखून उभी राहायची, त्याचा अभ्यास मोडू नये म्हणून. तो शिकला. मोठा झाला. आणि आईशी काय बोलायचं ते त्याला कधी कळलंच नाही, कारण ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. खोलीत शिरेपर्यंत तिला हे सगळं एकदम दिसलं आणि रडू आलं, ते तिनं धापेत लपवलं.

ठकी लिहू लागली. आत्या पलंगाच्या कडेला घड्याळ हातात घेऊन बसली. सुरुवातीला पेन भराभर चाललं, मग सावकाश, मग थांबलं. ठकीनं मान वर केली नाही. खिडकीतून येणारं ऊन कागदावरून सरकत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं.

आत्या गप्प होती. हयातभराची सवय होती ती, घशातच बसलेली. गणितातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि आपण तोंड उघडलं तर पोरीच्या विचारांची साखळी तुटेल, ही भीती अजूनही होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं. मग ते पालथं करून पलंगावर ठेवलं.

"कुठं अडलंय गं?" तिनं विचारलं.

ठकीनं खुर्ची थोडी तिच्याकडे ओढली आणि प्रश्न मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.